आउटवर्ड बाउंड

आउटवर्ड बाउंड ही डोंगर, समुद्र, नद्या व अरण्ये यांतील मोहिमांच्या माध्यमातून प्रामुख्याने किशोरवयीन मुलामुलींना शिक्षण देणारी आंतरराष्ट्रीय शैक्षणिक चळवळ आहे. जर्मन शिक्षणतज्ज्ञ कर्ट हान आणि ब्रिटिश जहाज-व्यावसायिक लॉरेन्स होल्ट यांच्या प्रयत्नांतून १९४१ साली वेल्सच्या किनाऱ्यावरील अ‍ॅबरडोव्ही या गावी तिची पहिली शाळा सुरू झाली. आज तीसहून अधिक देशांत या नावाने शाळा चालतात. गिर्यारोहक किंवा खलाशी तयार करणे हा या शिक्षणाचा हेतू नाही. कठीण पण आवाक्यातील आव्हाने सहकाऱ्यांच्या साहाय्याने पार केल्यावर मनुष्याला स्वतःच्या क्षमतेची जाणीव होते, या गृहीतकावर ते आधारलेले आहे. विस्कळीत कुटुंब, दारिद्र्य, शाळेतील अपयश किंवा बालगुन्हेगारी यांच्या सावटाखाली वाढणाऱ्या किशोरांचा आत्मविश्वास वाढवण्यासाठी या पद्धतीचा १९६० च्या दशकापासून मोठ्या प्रमाणावर उपयोग होत आला आहे. तिची परिणामकारकता आणि सुरक्षितता हे दोन्ही विषय तेव्हापासून चर्चेत आहेत.

नाव

बंदर सोडून खुल्या समुद्राकडे निघालेल्या जहाजासाठी इंग्रजी नाविक परिभाषेत ‘आउटवर्ड बाउंड’ ही संज्ञा वापरली जाते. शाळेला हे नाव होल्ट यांच्या आग्रहामुळे मिळाले. घराचा आणि परिचितांचा आधार सोडून जीवनाच्या खुल्या समुद्रात उतरणारा तरुण असा त्याचा लाक्षणिक अर्थ घेतला जातो. संस्थेचे ब्रीदवाक्य इंग्रज कवी टेनिसन यांच्या ‘युलिसिस’ या कवितेच्या अखेरच्या ओळीवर बेतलेले आहे. मूळ ओळीत नसलेली सेवेची कल्पना त्यात जोडण्यात आली.

पार्श्वभूमी

कर्ट हान यांचा जन्म ५ जून १८८६ रोजी बर्लिनमधील एका ज्यू कुटुंबात झाला. पहिल्या महायुद्धाच्या अखेरीस ते जर्मन साम्राज्याचे शेवटच्या काळातील चान्सलर, बाडेनचे राजपुत्र माक्स यांचे खासगी सचिव होते. १९२० मध्ये त्यांनी राजपुत्र माक्स यांच्यासमवेत दक्षिण जर्मनीत झालेम येथे निवासी शाळा स्थापन केली. पुस्तकी अभ्यासाइतकेच महत्त्व व्यायाम, हस्तकला, मोहिमा आणि लोकसेवा यांना देणे हे या शाळेचे वैशिष्ट्य होते.

१९३२ साली नाझी पक्षाच्या कार्यकर्त्यांनी पोटेम्पा या गावी एका कामगाराची निर्घृण हत्या केली आणि हिटलरने मारेकऱ्यांची उघड बाजू घेतली. तेव्हा हान यांनी झालेमच्या माजी विद्यार्थ्यांना पत्र पाठवून हिटलर आणि झालेम यांपैकी एकाचीच निवड करण्याचे आवाहन केले. मार्च १९३३ मध्ये त्यांना अटक झाली. ब्रिटनमधील मित्रांच्या आणि पंतप्रधान रॅम्से मॅक्डोनल्ड यांच्या मध्यस्थीने त्यांची सुटका झाली व त्याच वर्षी ते ब्रिटनला गेले. १९३४ मध्ये त्यांनी स्कॉटलंडमध्ये गॉर्डनस्टन ही शाळा सुरू केली. पुढे एडिंबराचे ड्यूक झालेले राजपुत्र फिलिप हे या शाळेच्या पहिल्या काही विद्यार्थ्यांपैकी एक होत.

आधुनिक समाजात तरुणांचा सहा बाबतींत ऱ्हास होत आहे, असे निदान हान यांनी मांडले होते. शरीरस्वास्थ्य, पुढाकार, स्मरण व कल्पनाशक्ती, कौशल्य व काळजीपूर्वक काम करण्याची वृत्ती, स्वयंशिस्त आणि करुणा या त्या सहा बाबी होत. त्यावर शारीरिक प्रशिक्षण, मोहीम, दीर्घकाळ चालणारा प्रकल्प आणि बचावकार्य असे चार उपाय त्यांनी सुचवले. यांपैकी बचावकार्याला ते सर्वाधिक महत्त्व देत. इतरांना आपली गरज आहे ही जाणीव तरुणाला आतून बदलते, अशी त्यांची धारणा होती.

स्थापना

दुसऱ्या महायुद्धात अटलांटिक महासागरात जर्मन पाणबुड्यांनी अनेक ब्रिटिश व्यापारी जहाजे बुडवली. ‘ब्लू फनेल लाइन’ या जहाज कंपनीचे भागीदार असलेल्या लॉरेन्स होल्ट यांचे असे निरीक्षण होते की, जहाज बुडाल्यावर जीवरक्षक नौकांमध्ये तग धरण्यात तरुण व धडधाकट खलाशी कमी पडतात, तर शिडाच्या जहाजांवर घडलेले वयस्क खलाशी अधिक टिकतात. उणीव शारीरिक बळाची नसून अनुभवातून येणाऱ्या आत्मविश्वासाची आणि परस्परांवरील भरवशाची आहे, असा निष्कर्ष त्यांनी काढला. हान त्या वेळी आपल्या पद्धतीचा अल्प मुदतीचा अभ्यासक्रम सुरू करण्याच्या प्रयत्नात होते. होल्ट यांनी त्याला आर्थिक पाठबळ दिले आणि १९४१ मध्ये अ‍ॅबरडोव्हीची शाळा उभी राहिली.

सुमारे चार आठवड्यांच्या अभ्यासक्रमात लहान नौका चालवणे, मैदानी व्यायाम, नकाशा व होकायंत्राच्या साहाय्याने डोंगरातील पायपीट, बचावाचे शिक्षण, समुद्रावरील मोहीम आणि स्थानिक लोकांसाठी सेवाकार्य यांचा समावेश होता. तरुण खलाशांबरोबरच कारखान्यांतील शिकाऊ कामगार, पोलीस व अग्निशमन दलांतील उमेदवार आणि शाळकरी मुले येथे एकत्र येत. निरनिराळ्या सामाजिक थरांतील मुलांना एकाच नौकेत बसवणे हा त्या काळातील वर्गविभागलेल्या ब्रिटिश समाजात लक्षणीय प्रयोग होता.

विस्तार

१९४६ मध्ये ब्रिटनमध्ये आउटवर्ड बाउंड ट्रस्टची स्थापना झाली. १९५० मध्ये इंग्लंडच्या सरोवर प्रदेशातील एस्कडेल येथे डोंगरी शाळा सुरू झाल्याने समुद्राबरोबर पर्वतही या शिक्षणाचे माध्यम बनले. आरंभीचे अभ्यासक्रम केवळ मुलग्यांसाठी होते; १९५० च्या दशकात मुलींसाठी अभ्यासक्रम सुरू झाले. त्याच दशकात मलायातील लुमुत येथे शाळा निघाली. सिंगापूरमध्ये १९६७ साली पुलाऊ उबिन बेटावर शाळा स्थापन झाली.

अमेरिकेत ही पद्धत जोशुआ मायनर यांनी नेली. त्यांनी काही काळ गॉर्डनस्टन येथे अध्यापन केले होते. १९६२ मध्ये कोलोरॅडो राज्यातील मार्बल या गावाजवळ अमेरिकेतील पहिला अभ्यासक्रम झाला. तेथील प्रशिक्षक पॉल पेट्झोल्ट यांनी १९६५ मध्ये वायोमिंग राज्यात बाह्य नेतृत्वाचे शिक्षण देणारी स्वतंत्र राष्ट्रीय शाळा काढली. १९७१ मध्ये मॅसॅच्युसेट्समधील ‘प्रोजेक्ट अ‍ॅडव्हेंचर’ या उपक्रमाने दोरांचे मार्ग आणि गटखेळ यांच्या रूपात ही पद्धत नेहमीच्या शाळांच्या आवारात आणली.

प्रशिक्षणाची पद्धत

अभ्यासक्रमांची मुदत आता काही दिवसांपासून काही आठवड्यांपर्यंत असते. साधारण आठ ते बारा जणांचा गट एक किंवा दोन प्रशिक्षकांसह मोहिमेवर निघतो. त्याचे प्रमुख टप्पे पुढीलप्रमाणे असतात :

* पूर्वतयारी : तंबू उभारणे, चूल किंवा स्टोव्हवर स्वयंपाक, पाठपिशवी भरणे, नकाशावाचन, दोराच्या गाठी, प्रथमोपचार आणि थंडी-पावसापासून बचाव यांचे शिक्षण. या काळात प्रशिक्षक प्रत्येक गोष्ट करून दाखवतो.
* मुख्य मोहीम : गट ठरलेल्या मार्गाने प्रवास करतो. वाट शोधणे, ओझ्याची वाटणी, मुक्कामाची जागा निवडणे हे निर्णय हळूहळू गटाकडे सोपवले जातात. प्रस्तरारोहण, दोरावरून उतरणे किंवा नौकानयन यांचा त्यात समावेश असतो.
* एकांतवास : सहभागी व्यक्ती एक किंवा अधिक दिवस ठरवून दिलेल्या जागी एकटी राहते. प्रशिक्षक ठरावीक वेळी दुरून खात्री करून घेतात. बहुतेक जण हा वेळ विचार करण्यात आणि दैनंदिनी लिहिण्यात घालवतात.
* अंतिम मोहीम : गट प्रशिक्षकाच्या थेट मार्गदर्शनाशिवाय मार्गक्रमण करतो, प्रशिक्षक अंतर राखून लक्ष ठेवतो.
* सेवाकार्य : पायवाटांची दुरुस्ती, स्वच्छता, वृद्ध किंवा अपंग व्यक्तींना साहाय्य अशा स्वरूपाचे काम.

दिवसाच्या अखेरीस गट वर्तुळात बसून घडलेल्या प्रसंगांवर चर्चा करतो. कोण थकले, कोणी साहाय्य केले, वाट कशामुळे चुकली, राग का आला, असे प्रश्न त्यात येतात. आरंभीच्या काळात अशी चर्चा फारशी होत नसे. पर्वत स्वतःच पुरेसे शिकवतो, असे अनेक जुने प्रशिक्षक मानत. पर्वत खरोखरच स्वतः बोलू शकतो का, या प्रश्नावर १९८० च्या सुमारास अमेरिकेतील आउटवर्ड बाउंडमध्ये बराच विचारविनिमय झाला. अनुभवावर चिंतन झाल्याशिवाय त्याचा घरच्या आयुष्याशी संबंध जोडला जात नाही, हे मत पुढे बहुतांशी स्वीकारले गेले.

सैद्धांतिक आधार

व्हिक्टर वॉल्श आणि जेराल्ड गॉलिन्स यांनी १९७६ मध्ये आउटवर्ड बाउंडच्या प्रक्रियेचे विश्लेषण केले. त्यानुसार शिकण्यास तयार असलेली व्यक्ती अपरिचित नैसर्गिक परिसरात आणि लहान गटाच्या नव्या सामाजिक परिसरात ठेवली जाते. तेथे तिच्यासमोर क्रमाने कठीण होत जाणारी, मूर्त आणि सोडवता येण्याजोगी कामे येतात. त्यांतून निर्माण होणारी अस्वस्थता काम पार पडल्यावर प्रावीण्याच्या अनुभवात बदलते आणि व्यक्ती स्वतःविषयीच्या समजुतींची फेरमांडणी करते.

मानसशास्त्रज्ञ अल्बर्ट बांडुरा यांनी १९७७ मध्ये मांडलेली स्व-क्षमतेची संकल्पनाही या संदर्भात महत्त्वाची आहे. ‘हे मला जमेल’ हा विश्वास उपदेशाने किंवा स्तुतीने निर्माण होण्यापेक्षा प्रत्यक्ष जमल्याच्या अनुभवाने अधिक दृढ होतो, असे त्यांचे प्रतिपादन आहे. परिसर अपरिचित असण्याला वंचित किशोरांच्या बाबतीत विशेष अर्थ आहे. शाळेत ‘ढ’ किंवा वस्तीत ‘वाया गेलेला’ ठरलेल्या मुलाची ही ओळख मोहिमेवरील गटाला ठाऊक नसते. कड्यावर दोर धरून उभ्या असलेल्या मुलाच्या हाती त्याच्या साथीदाराची सुरक्षितता असते. अशी जबाबदारी अनेकांच्या वाट्याला प्रथमच येते.

वंचित व असुरक्षित किशोरांसाठी उपयोग

१९६० च्या दशकात अमेरिकेत बालगुन्हेगारांना सुधारगृहात ठेवण्याला पर्याय शोधला जात होता. फ्रान्सिस केली आणि डॅनियल बेअर यांनी मॅसॅच्युसेट्समध्ये गुन्हेगार ठरलेल्या १२० किशोरांवर केलेला अभ्यास या क्षेत्रात पायाभूत मानला जातो. त्यांतील ६० जणांना आउटवर्ड बाउंडच्या शाळांमध्ये पाठवण्यात आले, तर उरलेल्या ६० जणांना नेहमीची शासकीय वागणूक मिळाली. सुमारे वर्षभराने पहिल्या गटातील २० टक्के, तर दुसऱ्या गटातील ४२ टक्के मुले पुन्हा गुन्ह्याकडे वळल्याचे आढळले. मात्र पुढील वर्षांत दोन्ही गटांतील अंतर कमी झाले. मोहिमेनंतर मुलगा त्याच घरात, त्याच मित्रांमध्ये आणि त्याच बेकारीत परतत असेल, तर केवळ मोहीम पुरेशी ठरत नाही, असा त्याचा अर्थ लावण्यात आला. त्यामुळे मोहिमेनंतरचा पाठपुरावा, शाळेत पुनःप्रवेश, रोजगार-मार्गदर्शन आणि पालकांचा सहभाग यांवर नंतरच्या कार्यक्रमांत भर दिला जाऊ लागला. अमेरिकेतील आउटवर्ड बाउंड संस्था घरी व शाळेत अडचणीत असलेल्या किशोरांसाठी, तसेच जवळची व्यक्ती गमावलेल्या मुलांसाठी स्वतंत्र अभ्यासक्रम चालवतात.

अशा मुलांसोबत काम करताना ‘आव्हान निवडीने’ हे तत्त्व महत्त्वाचे मानले जाते. प्रोजेक्ट अ‍ॅडव्हेंचरमधून रूढ झालेल्या या तत्त्वानुसार आव्हानाची पातळी सहभागी व्यक्ती स्वतः ठरवते आणि कोणत्याही टप्प्यावर थांबण्याचा तिला अधिकार असतो. हिंसा किंवा अत्याचार सोसलेल्या मुलांच्या बाबतीत सक्ती ही जुन्या भयाची पुनरावृत्ती ठरू शकते. अर्ध्या कड्यावरून ‘मला उतरायचे आहे’ असे सांगणे आणि ते ऐकले जाणे हाही अशा मुलांसाठी आत्मविश्वासाचा अनुभव असू शकतो, हे त्यामागील कारण होय.

परिणामांविषयी संशोधन

जॉन हॅटी आणि सहकाऱ्यांनी १९९७ मध्ये साहस-शिक्षणावरील ९६ अभ्यासांचे एकत्रित विश्लेषण प्रसिद्ध केले. कार्यक्रमाच्या अखेरीस सरासरी परिणाम ०.३४ इतका, म्हणजे मध्यम स्वरूपाचा आढळला. विशेष म्हणजे अनेक शैक्षणिक उपक्रमांचे परिणाम कालांतराने ओसरतात, परंतु येथे नंतरच्या पाहणीत त्यात आणखी ०.१७ ची भर पडलेली दिसली. स्व-नियंत्रण, निर्णयक्षमता, स्वातंत्र्य आणि आत्मविश्वास या बाबतींत लाभ अधिक होता. त्याच वेळी निरनिराळ्या कार्यक्रमांच्या परिणामांत मोठी तफावत आढळली. म्हणजेच ‘साहस’ हे नाव असणे पुरेसे नसून कार्यक्रमाची रचना, मुदत आणि प्रशिक्षकांचा दर्जा निर्णायक ठरतात. अनेक अभ्यासांत नमुना लहान असणे, तुलनागट नसणे आणि मोजमाप सहभागी मुलांच्या स्वतःच्या उत्तरांवर अवलंबून असणे, या मर्यादा संशोधकांनी नोंदवल्या आहेत.

टीका

ऑस्ट्रेलियन अभ्यासक अँड्र्यू ब्रूक्स यांनी २००३ मध्ये हान यांच्या परंपरेतील ‘चारित्र्यघडण’ या कल्पनेलाच आक्षेप घेतला. मनुष्याचे वर्तन बऱ्याच अंशी परिस्थितीवर अवलंबून असते. डोंगरावर सहकार्य करणारा मुलगा शहरात तसाच वागेल, असे गृहीत धरता येत नाही, असा त्यांचा युक्तिवाद आहे. आरंभीच्या अभ्यासक्रमांतील कणखरपणाचा आदर्श पुरुषी आणि साम्राज्यकालीन मूल्यांवर आधारलेला होता, अशीही टीका झाली आहे. समस्येचे मूळ दारिद्र्य किंवा कुटुंबातील हिंसा यांत असताना सुधारणेचा भार एकट्या मुलावर टाकला जातो, हा आणखी एक आक्षेप होय.

सुरक्षितता आणि दुर्घटना

साहस-शिक्षणाच्या इतिहासात आउटवर्ड बाउंडबाहेरील संस्थांच्या काही दुर्घटनांनी संपूर्ण क्षेत्राचे नियम बदलले. नोव्हेंबर १९७१ मध्ये स्कॉटलंडमधील केर्नगॉर्म पठारावर हिमवादळात सापडून एडिंबरामधील एका शाळेचे पाच विद्यार्थी आणि एक तरुण साहाय्यक मृत्युमुखी पडले. मार्च १९९३ मध्ये इंग्लंडच्या दक्षिण किनाऱ्यावरील लाइम उपसागरात वल्हवण्याच्या सहलीवर गेलेल्या चार किशोरवयीन विद्यार्थ्यांचा मृत्यू झाला. या घटनेनंतर ब्रिटिश संसदेने १९९५ मध्ये साहस-केंद्रांतील मुलांच्या सुरक्षिततेसाठी कायदा केला आणि अशा केंद्रांना परवाना अनिवार्य झाला.

अमेरिकेत ‘अरण्य-उपचार’ या नावाने अनेक खासगी कार्यक्रम निघाले. त्यांपैकी काहींमध्ये मुलांना त्यांच्या इच्छेविरुद्ध दाखल करणे, पुरेसे अन्नपाणी न देणे आणि आजाराच्या तक्रारीला ढोंग समजणे असे प्रकार घडले. अमेरिकी संसदेच्या लेखापरीक्षण संस्थेने २००७ च्या अहवालात निवासी उपचार-कार्यक्रमांतील अशा गैरप्रकारांची आणि मृत्यूंची नोंद घेतली. अशा संस्थांमधील मुलांच्या संरक्षणासंबंधीचा संघराज्यीय कायदा डिसेंबर २०२४ मध्ये संमत झाला. स्वेच्छेने स्वीकारलेले आव्हान आणि शिक्षा म्हणून लादलेला त्रास यांतील भेद हा या क्षेत्रातील सर्वांत महत्त्वाचा नैतिक प्रश्न मानला जातो.

सुरक्षित कार्यक्रमाची लक्षणे म्हणून सामान्यतः पुढील बाबी सांगितल्या जातात : प्रशिक्षित आणि पुरेशा संख्येने प्रशिक्षक, सहभागींची आरोग्यविषयक माहिती, हवामान बिघडल्यास मार्ग बदलण्याची किंवा परतण्याची पूर्वयोजना, संपर्काची साधने, मुलांच्या तक्रारीची तत्काळ दखल आणि पालकांशी खुला संपर्क.

संबंधित उपक्रम

हान यांच्या विचारांतूनच १९५६ मध्ये ब्रिटनमध्ये ‘ड्यूक ऑफ एडिंबरा पुरस्कार’ सुरू झाला. १९५३ च्या एव्हरेस्ट मोहिमेचे नेते जॉन हंट हे त्याचे पहिले संचालक होते. कांस्य, रौप्य आणि सुवर्ण अशा तीन पातळ्यांच्या या पुरस्कारात सेवा, व्यायाम आणि कौशल्य यांबरोबर मोहीम हा अनिवार्य भाग आहे.

भारतात दार्जिलिंग येथील हिमालयीन गिर्यारोहण संस्था (१९५४) आणि उत्तरकाशी येथील नेहरू गिर्यारोहण संस्था (१९६५) या युवकांसाठी साहस-अभ्यासक्रम चालवतात. वंचित किशोरांच्या संदर्भात तेलंगणातील समाजकल्याण निवासी शाळांचे उदाहरण विशेष उल्लेखनीय आहे. या शाळांतील मालावत पूर्णा हिने २५ मे २०१४ रोजी, वयाच्या चौदाव्या वर्षात, एव्हरेस्ट शिखर गाठले. तिच्यासोबत साधनापल्ली आनंद कुमार हाही होता. दोघांचे प्रशिक्षण भोनगीरचा खडक, दार्जिलिंग आणि लडाख येथे टप्प्याटप्प्याने झाले होते. महाराष्ट्रात ‘मिशन शौर्य’ या शासकीय उपक्रमांतर्गत चंद्रपूर जिल्ह्यातील आदिवासी आश्रमशाळांच्या पाच विद्यार्थ्यांनी मे २०१८ मध्ये एव्हरेस्ट सर केले. हे उपक्रम आउटवर्ड बाउंडशी संलग्न नाहीत आणि शिखर गाठणे हे त्यांचे उद्दिष्ट होते, हा त्यांच्यातील महत्त्वाचा फरक आहे. तथापि, संधी आणि क्रमबद्ध प्रशिक्षण मिळाल्यास वंचित घरांतील मुले काय करू शकतात, हे त्यांतून दिसून आले.

महाराष्ट्र शासनाने २०२१ मध्ये साहसी पर्यटन धोरण जाहीर केले. सह्याद्रीतील गडकिल्ल्यांवर शिबिरे भरवणाऱ्या संस्थांच्या दृष्टीने नोंदणी आणि सुरक्षिततेचे निकष यांमुळे हे धोरण महत्त्वाचे आहे.

कर्ट हान यांचे १४ डिसेंबर १९७४ रोजी जर्मनीत निधन झाले. आउटवर्ड बाउंडच्या शाळांनी त्यांच्या कल्पनांत काळानुसार पुष्कळ बदल केले आहेत. तरीही लहान गट, खरे काम, खरी जबाबदारी आणि इतरांची सेवा ही मूळ चौकट आजही बहुतांशी कायम आहे.

हे सुद्धा पाहा

* कर्ट हान
* गिर्यारोहण
* अनुभवाधिष्ठित शिक्षण
* हिमालयीन गिर्यारोहण संस्था
* मालावत पूर्णा